बावीस बाइटची नोंद चाळीस बाइटची का होते? कंपायलर अलाइनमेंट कशी ठरवतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोकुळ शिरगाव एमआयडीसीतली एक छोटी टीम दूध संस्थांसाठी संकलन यंत्र बनवते. सी भाषेत प्रत्येक नोंदीचं एक स्ट्रक्चर आहे. त्यात क्रमाने शिफ्ट (१ बाइट), वेळ (८), जनावर म्हणजे गाय की म्हैस (१), सभासद क्रमांक (४), फॅट (२), लिटर (फ्लोट, ४) आणि एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ (२) अशी फील्ड आहेत. बेरीज २२. पण संस्थेतल्या जुन्या ३२-बिट लिनक्स पीसीवर साइझऑफ (स्ट्रक्चरचा आकार बाइटमध्ये सांगणारा सीचा ऑपरेटर) ३२ सांगायचं आणि नव्या ६४-बिट पीसीवर ते ४० सांगतं, त्यामुळे जुन्या फाइली उघडल्या की आकडे भलतेच दिसतात. भरीस भर म्हणून बोर्ड एसटीएम३२एफ१०३ या मायक्रोकंट्रोलरवरून स्वस्त एफ०३० वर नेल्यापासून वजनकाट्याचं पॅकेट वाचताना हार्डफॉल्ट येतो, म्हणजे प्रोसेसर चूक दाखवून प्रोग्रॅम थांबवतो. कंपायलर हे सगळं कशाच्या आधारावर ठरवतो, असं त्यांनी विचारलं आहे.

दोन्ही दुखण्यांचं मूळ एकच आहे, म्हणून सुरुवात मुळापासून करतो.

स्ट्रक्चरच्या आत कंपायलर स्वतःच्या मनाने जवळजवळ काहीच ठरवत नाही. त्या प्रोसेसरसाठी आणि ऑपरेटिंग सिस्टिमसाठी लिहिलेला एबीआय नावाचा करार असतो आणि कंपायलर तो पाळतो. इंट किती बाइटचा, त्याचा मेमरीतला पत्ता कितीच्या पटीत हवा (हीच अलाइनमेंट), स्ट्रक्चर कसं मांडायचं, फंक्शनला आर्ग्युमेंट कशी द्यायची, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. हा करार नसता तर जीसीसी या कंपायलरने बनवलेली लायब्ररी क्लँग या दुसऱ्या कंपायलरने बनवलेल्या प्रोग्रॅमला जोडता आली नसती. म्हणूनच ऑप्टिमायझेशनची पातळी बदलली तरी स्ट्रक्चरची मांडणी बदलत नाही.

करारातली कलमं मात्र प्लॅटफॉर्मप्रमाणे वेगळी आहेत. ६४-बिट लिनक्सवर शॉर्ट २ च्या पटीत, इंट आणि फ्लोट ४ च्या, तर लाँग, लाँग लाँग, डबल आणि पॉइंटर ८ च्या पटीत असतात. लाँग डबल १६ च्या. ३२-बिट एआरएमच्या करारातही लाँग लाँग आणि डबल ८ च्याच पटीत लागतात. ३२-बिट इंटेलवरच्या लिनक्समध्ये मात्र स्ट्रक्चरच्या आत लाँग लाँग आणि डबल यांना ४ ची पट पुरते. तुमच्या ३२ आणि ४० मधला सगळा फरक या एका कलमातून आला आहे. एव्हीआरसारख्या ८-बिट कंट्रोलरवर सगळ्याची अलाइनमेंट १, म्हणजे तिथे हीच नोंद बरोबर २२ बाइटची होईल. आणखी एक: लाँग ६४-बिट लिनक्सवर ८ बाइटचा, तर ६४-बिट विंडोजवर ४ बाइटचा असतो. म्हणून जे बाहेर जाणार आहे तिथे लाँग लिहूच नये, बिटांची संख्या सांगणारे ठरावीक रुंदीचे प्रकारच वापरावेत.

आता मांडणीचा हिशोब. कंपायलर ऑफसेट, म्हणजे स्ट्रक्चरच्या सुरुवातीपासूनचं अंतर, शून्यावर ठेवतो आणि फील्ड जाहीर केलेल्या क्रमाने घेतो. प्रत्येक फील्डआधी ऑफसेट त्या फील्डच्या अलाइनमेंटच्या पुढच्या पटीपर्यंत वर सरकवतो. अलाइनमेंट नेहमी २ च्या घातात असल्यामुळे हे एका ओळीत होतं: (ऑफसेट + अ − १) & ~(अ − १), इथे अ म्हणजे अलाइनमेंट. मग फील्ड ठेवतो आणि त्याच्या आकाराइतका पुढे जातो. सगळी फील्ड झाली की त्यातली सर्वांत मोठी अलाइनमेंट ती अख्ख्या स्ट्रक्चरची अलाइनमेंट ठरते आणि एकूण आकारही तिच्याच पटीत वर नेला जातो.

तुमची नोंद ६४-बिट लिनक्सवर आणि एआरएमवर अशी बसते:

शिफ्ट ० वर, मग ७ बाइट रिकामे
वेळ ८ ते १५
जनावर १६ वर, मग ३ रिकामे
सभासद २० ते २३
फॅट २४ ते २५, मग २ रिकामे
लिटर २८ ते ३१
एसएनएफ ३२ ते ३३, मग शेवटी ६ रिकामे

२२ बाइट माहिती आणि १८ बाइट पॅडिंग म्हणजे रिकामी जागा, एकूण ४०. जुन्या ३२-बिट पीसीवर वेळ ४ वर बसते, जनावर १२ वर, सभासद १६ वर, फॅट २० वर, लिटर २४ वर, एसएनएफ २८ वर आणि शेवटी २ रिकामे, एकूण ३२. हे ऑफसेट लिहून ठेवा, जुन्या फाइली सोडवताना लागतील.

शेवटचे ६ बाइट पुष्कळांना निव्वळ वाया गेलेले वाटतात. पण अ‍ॅरेमध्ये दोन घटकांच्या मध्ये जागा सोडायची मुभा सी भाषा देत नाही; दुसरा घटक साइझऑफ इतक्या अंतरावर सुरू झालाच पाहिजे. आकार ३४ ठेवला असता तर दुसऱ्या नोंदीतली वेळ ४२ व्या बाइटवर आली असती आणि ४२ ही काही ८ ची पट नाही. म्हणून अ‍ॅरे केला नाही तरी शेपटीचं पॅडिंग लागतंच.

फील्डचा क्रम बदलून कंपायलर ही जागा वाचवू शकत नाही, कारण जाहीर केलेल्या क्रमानेच पत्ते चढत गेले पाहिजेत हा सीचा नियम आहे. रस्टचा कंपायलर मात्र ‘रेप्र सी’ असं सांगितलं नसेल तर क्रम बदलायला मोकळा असतो. सीमध्ये ते काम आपलं. मोठं आधी, लहान नंतर, असं लावा: वेळ, सभासद, लिटर, फॅट, एसएनएफ, शिफ्ट, जनावर. आता पॅडिंग फक्त शेवटी, तेही २ बाइट, आणि आकार २४. हा आकार ३२-बिट लिनक्सवरही २४ च येतो, कारण प्रत्येक फील्ड आपोआप योग्य पटीवर पडतं. एक ओळ कोड न वाढवता ४० चे २४ झाले.

नोंदी २४सी२५६ सारख्या ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी माहिती टिकवणाऱ्या चिपमध्ये) ठेवत असाल तर हिशोब इथेच थांबवू नका. त्यात ३२७६८ बाइट असतात. ४० च्या हिशोबाने ८१९ नोंदी मावतात, २४ च्या हिशोबाने १३६५. पण त्याचं लिहिण्याचं पान ६४ बाइटचं असतं. एकाच वेळी लिहिताना पानाची हद्द ओलांडली तर पुढचे बाइट पुढच्या पानावर न जाता त्याच पानाच्या सुरुवातीला जाऊन बसतात आणि आधीची नोंद पुसतात. २४ बाइटची तिसरी नोंद ४८ वर सुरू होते आणि ६४ ची हद्द ओलांडते. म्हणून माझं मत आहे की इथे नोंद सरळ ३२ बाइटची करावी: पानावर बरोबर दोन बसतात, एकूण १०२४ नोंदी होतात आणि उरलेल्या १० बाइटांत अनुक्रमांक आणि सीआरसी (माहिती बिघडली का ते ओळखायचा तपास-आकडा) घालता येतात. काटकसर कुठवर करायची हे जिथे लिहायचं त्या चिपवरही अवलंबून असतं.

आता हार्डफॉल्टकडे. करारात अशी कलमं आली ती हार्डवेअरमुळे. ३२-बिट बस एका फेरीत ४ च्या पटीवरचा एक शब्द आणते. पत्ता मधलाच असेल तर दोन फेऱ्या करून तुकडे जोडावे लागतात. एफ१०३ मधला कॉर्टेक्स-एम३ मेमरीतून वाचणाऱ्या आणि लिहिणाऱ्या साध्या एलडीआर, एसटीआर सूचनांसाठी हे काम स्वतः करतो, फक्त वेळ जास्त घेतो. एफ०३० मधल्या कॉर्टेक्स-एम० मध्ये ती सोयच नाही. तिथे चुकीच्या पत्त्यावरून दोन किंवा चार बाइट एकदम मागितले की थेट हार्डफॉल्ट.

तुमच्या वजनकाट्याच्या पॅकेटमध्ये सुरुवातीची खूण, लांबी आणि प्रकार असे तीन बाइट आहेत आणि मग ४ बाइटचं वजन. कोडमध्ये बफर अधिक ३ या पत्त्याला ३२-बिट पॉइंटरमध्ये कास्ट करून (म्हणजे पत्त्याचा प्रकार जबरदस्तीने बदलून) वजन उचललं आहे. बफर ४ च्या पटीवर असेल तर वजनाचा पत्ता कधीच ४ च्या पटीवर नसणार. एम३ हे निमूट चालवून घेत होता, एवढंच.

एम३ वर चाललं म्हणजे कोड बरोबर होता असं समजू नका. एम३ सुद्धा एकापेक्षा जास्त शब्द एकदम हलवणाऱ्या एलडीएम, एसटीएम, एलडीआरडी, एसटीआरडी या सूचनांना चुकीचा पत्ता चालवून घेत नाही. ८ बाइटची वेळ अशाच कास्टने वाचली तर जीसीसी तिथे सहसा एलडीआरडी वापरतो आणि यूसेजफॉल्ट येतो. तो हँडलर चालू केलेला नसेल तर त्याचाच हार्डफॉल्ट होतो. एम३ आणि एम४ वर फॉल्टचं कारण नोंदवणाऱ्या सीएफएसआर रजिस्टरचा २४ वा बिट १ असेल तर कारण अलाइनमेंट हेच. एम० मध्ये ते रजिस्टर नाही. तिथे स्टॅकवर ठेवलेला प्रोग्रॅम काउंटर, म्हणजे चालू सूचनेचा पत्ता, काढायचा, डिसअसेंब्लीत ती सूचना शोधायची आणि तिच्या पत्त्याच्या रजिस्टरमध्ये काय होतं ते पाहायचं.

इथे खरी अडचण हार्डवेअरपेक्षा खोल आहे. कंपायलर पॉइंटरच्या प्रकारावर विश्वास ठेवतो. ३२-बिट इंटचा पॉइंटर म्हटलं की पत्ता ४ च्या पटीत आहेच असं धरून तो पुढचा सगळा कोड बनवतो. पत्ता तसा नसताना केलेला कास्ट सीच्या नियमांप्रमाणे अनडिफाइन्ड आहे, म्हणजे पुढे काय होईल याची हमी नाही, वाचायच्याही आधी. म्हणूनच इंटेलवरही हे उलटू शकतं, जिथे साध्या सूचना कुठल्याही पत्त्यावर चालतात. जीसीसीने लूप व्हेक्टराइझ करताना (अनेक घटक एकदम हाताळायला लावताना) कधी सुरुवातीचे काही घटक एकेक करून हाताळायचे आणि १६ च्या पटीवर पोचल्यावर अलाइन्ड एसएसई सूचना वापरायच्या असा कोड काढला, तर विषम पत्त्यापासून चार-चार बाइटांनी पुढे जाणारा पॉइंटर १६ च्या पटीवर कधीच पोचत नाही. मग डीबग बिल्ड व्यवस्थित चालतो आणि रिलीज बिल्ड कोसळतो. अशा वेळी कंपायलरमध्ये बग आहे असा निष्कर्ष काढायची घाई होते. तो कंपायलरचा बग नसतो.

उपाय सोपा आहे. पॅकेटमधून मूल्य काढताना कास्ट नको. एकतर बाइट-बाइट उचलून शिफ्ट आणि ऑर करून जोडा, किंवा स्वतंत्र ३२-बिट व्हेरिएबलमध्ये मेमकॉपी या बाइट नकलणाऱ्या फंक्शनने ४ बाइट आणा. मेमकॉपी महाग पडेल ही भीती सोडा. आकार ठरलेला असला की ऑप्टिमायझेशन चालू असताना एम३ वर आणि इंटेलवर कंपायलर तिचं फंक्शन कॉल करत नाही, ती एका लोड सूचनेत संपते; एम० वर चार बाइट लोड होतात किंवा कंपायलरप्रमाणे कॉल राहतो, पण उत्तर बरोबरच येतं. मात्र मेमकॉपीला देताना पत्ता बाइट पॉइंटर म्हणूनच द्या. आधी इंट पॉइंटरमध्ये कास्ट करून मग दिला तर चुकीचं वचन पुन्हा दिलंच.

मग पॅक्ड, म्हणजे पॅडिंग नको असं कंपायलरला सांगणारं अट्रिब्यूट, का नको, असं पुढे विचारलं जाईलच. पॅक्ड लावलं की प्रत्येक फील्डची अलाइनमेंट १ होते, पॅडिंग जातं आणि आकार २२ येतो. फील्ड स्ट्रक्चरच्या नावाने वाचलं तर कंपायलरला हे माहीत असतं आणि एम० वर तो बाइट-बाइट वाचणारा कोड काढतो: मोठा आणि हळू, पण बरोबर. बिघडतं कधी? त्या फील्डचा पत्ता घेऊन दुसऱ्या फंक्शनला दिला की. पॉइंटरच्या प्रकारात पॅक्ड ही माहिती राहत नाही आणि ते फंक्शन पूर्ण अलाइनमेंट गृहीत धरतं. जीसीसी ९ पासून यावर आपोआप इशारा मिळतो; तो दाबून टाकू नका.

प्रॅग्मा पॅक, म्हणजे पुढच्या सगळ्या स्ट्रक्चरना लागू होणारी तीच सूचना, याहून घातक ठरतो. एखाद्या हेडरमध्ये पुश करून १ लावलं आणि शेवटी पॉप राहिलं, की त्यानंतर इन्क्लूड होणारी सगळी हेडरं पॅक होतात. एका सी फाइलमध्ये हेडरांचा क्रम एक, दुसरीत दुसरा, म्हणजे तेच स्ट्रक्चर एका फाइलला २४ बाइटचं आणि दुसरीला २२ बाइटचं. लिंकर स्ट्रक्चरची मांडणी ताडून पाहत नाही. कुठलीही एरर न येता अ‍ॅरेतल्या दुसऱ्या नोंदीपासून फॅट आणि लिटर भलत्याच जागी लिहिले जातात. पॅक्ड वापरायचंच असेल तर अट्रिब्यूटने, एकेका स्ट्रक्चरपुरतं वापरा.

असाच एक सापळा ईनमचा (नावं दिलेल्या पर्यायांच्या प्रकाराचा) आहे. एआरएमच्या बेअर-मेटल जीसीसीमध्ये ईनम मावेल तेवढ्या लहान प्रकारात बसतो, म्हणजे बहुधा १ बाइटमध्ये. पीसीवर तो ४ बाइटचा असतो. दोन्हीकडे जाणाऱ्या स्ट्रक्चरमध्ये ईनम ठेवू नका. बिटफील्डही नको, त्यांची मांडणी मायक्रोसॉफ्टचा कंपायलर आणि जीसीसी वेगवेगळी करतात.

वर ‘जवळजवळ’ म्हटलं होतं. स्ट्रक्चरच्या बाहेर, सुट्या व्हेरिएबलबाबत कंपायलरला थोडी मोकळीक असते: कराराने सांगितल्यापेक्षा जास्त अलाइनमेंट तो देऊ शकतो, कमी नाही. क्लँग ज्यावर उभा आहे त्या एलएलव्हीएममध्ये प्रत्येक टार्गेटची एक डेटा लेआउट ओळ असते. ३२-बिट इंटेल लिनक्ससाठी तिच्यात ‘एफ६४:३२:६४’ असं लिहिलेलं आहे: ६४-बिट फ्लोटला करारानुसार ३२ बिट पुरेत, पसंती मात्र ६४ ला. सुटा डबल म्हणून ८ वर बसू शकतो आणि स्ट्रक्चरमधला ४ वर. यामुळेच जीसीसीची स्वतःची जुनी अलाइनऑफ तिथे डबलसाठी ८ सांगते आणि सी११ मधली प्रमाणित अलाइनऑफ, जीसीसी ८ पासून, ४ सांगते. ६४-बिट लिनक्सच्या करारात तर १६ बाइट किंवा त्याहून मोठ्या सुट्या अ‍ॅरेला किमान १६ ची अलाइनमेंट द्यावीच लागते.

स्टॅकलाही नियम आहे. ३२-बिट एआरएमवर फंक्शन कॉलच्या वेळी स्टॅक पॉइंटर ८ च्या पटीत हवा, ६४-बिट इंटेलवर १६ च्या. पुढे टास्कचा स्टॅक स्वतः अ‍ॅरे म्हणून दिलात आणि त्याचा वरचा पत्ता फक्त ४ च्या पटीत राहिला, तर बाकी सगळं ठीक चालेल आणि प्रिंटएफ मात्र लिटरऐवजी शून्य किंवा कचरा छापेल, कारण डबल आर्ग्युमेंट ८ च्या पटीवर आहे असं धरून ते शोधलं जातं. फ्लोट छापताना आकडे विचित्र येत असतील तर आधी स्टॅकचा पत्ता बघा. अशा अ‍ॅरेला अलाइनअ‍ॅज ८ लावलं आणि आकारही ८ च्या पटीत ठेवला की झालं.

पॅडिंगमध्ये काय भरलेलं असतं याची हमी नाही. त्यामुळे दोन नोंदी मेमकम्पने ताडणं किंवा अख्ख्या स्ट्रक्चरवर सीआरसी काढणं चूक आहे. फील्ड सारखी असूनही उत्तर वेगळं येऊ शकतं. आधी मेमसेट करून शून्य भरलं तरी नंतर फील्डमध्ये लिहिताना पॅडिंगचे बाइट तसेच राहतील असं सी म्हणत नाही.

तपासणीसाठी चार गोष्टी बिल्डमध्ये कायमच्या घाला. प्रत्येक महत्त्वाच्या स्ट्रक्चरखाली स्टॅटिक असर्ट लिहा, साइझऑफसाठी एक आणि दोन-तीन ऑफसेटऑफसाठी. कुणी फील्ड हलवलं की बिल्ड तिथेच अडतो. डब्ल्यू-कास्ट-अलाइन=स्ट्रिक्ट हा इशारा चालू करा. साधा डब्ल्यू-कास्ट-अलाइन टार्गेटला चालत असेल तर गप्प बसतो, म्हणून स्ट्रिक्टच हवा. पॅकेट वाचणारा कोड पीसीवर वेगळा कंपाइल करून एफ-सॅनिटाइझ=अलाइनमेंट लावून चालवा, चुकीचा पत्ता कोणत्या ओळीवर आला ते तो सांगतो. आणि मांडणी डोळ्यांनी पाहायची असेल तर डीबग माहितीसह बिल्ड करून पाहोल हे साधन चालवा. प्रत्येक फील्डचा ऑफसेट आणि मधली भोकं तो छापून देतो.

आता जुन्या फाइली. यापुढे फाइलमध्ये किंवा वायरवर अख्खं स्ट्रक्चर एफराइटने ओतू नका. स्ट्रक्चर मेमरीपुरतं ठेवा आणि प्रत्येक फील्ड ठरलेल्या ऑफसेटवर, ठरलेल्या बाइट क्रमाने लिहिणारी आणि वाचणारी दोन छोटी फंक्शन करा. फाइलच्या सुरुवातीला आवृत्ती क्रमांक आणि नोंदीचा आकार ठेवा.

जुनी फाइल वाचायला वेगळा कन्व्हर्टर लागेल. त्यात जुनं स्ट्रक्चर पुन्हा जाहीर करू नका, ६४-बिट कंपायलर ते ४० चंच करेल. ३२ बाइटचा साधा बाइट अ‍ॅरे वाचा आणि त्यातून शिफ्ट ० वरून, वेळ ४ वरून, जनावर १२ वरून, सभासद १६ वरून, फॅट २० वरून, लिटर २४ वरून, एसएनएफ २८ वरून मेमकॉपीने काढा. जुना आणि नवा पीसी दोन्ही लिटल एंडियन आहेत, म्हणजे दोन्हीकडे बाइटांचा क्रम एकच आहे, त्यामुळे बाइट उलटवायची गरज नाही. फाइलचा आकार ३२ ने भागला जातो का ते आधी बघा. जात नसेल तर शेवटची नोंद अर्धवट लिहिली गेली असू शकते, तशी असेल तर ती वेगळी काढा. नवा पीसी लावल्यानंतर त्याच फाइलच्या शेवटी ४० बाइटच्या नोंदी जोडल्या गेल्या असण्याची शक्यताही धरा: वेळ मागच्या नोंदीपेक्षा मागे किंवा एकदम अफाट पुढे गेली, किंवा म्हशीच्या दुधाचा फॅट ६५ च्या आसपास असायचा तो एकदम भलताच दिसला, तर तिथून पुढे ४० ची मांडणी लावून पाहा. फॅट तुम्ही १० ने गुणून पूर्णांकात ठेवता, त्यामुळे ही चाचणी लगेच लागू पडते. रूपांतर झाल्यावर प्रत्येक शिफ्टची लिटरची बेरीज संस्थेच्या छापील रजिस्टरशी ताडा आणि ती जुळेपर्यंत मूळ फाइल जपून ठेवा.